आसा हिलियर्ड : बुद्ध्यांकाच्या खटल्यापासून प्ताहहोतेपच्या बोलांपर्यंत

रानवाट (धागालेखक)

अध्यापक महाविद्यालयात मी बरीच वर्षे शैक्षणिक मानसशास्त्र शिकवले. बुद्ध्यांकाचा तास आला की फळ्यावर सूत्र लिहायचे, मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले शंभर, दोन उदाहरणे सोडवून घ्यायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, असा माझा शिरस्ता होता. सूत्रातले ‘मानसिक वय’ कोणाच्या घरातल्या मुलांवरून ठरवले जाते, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मीही तो कधी काढला नाही. निवृत्तीनंतरच्या वाचनात आसा हिलियर्ड हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ भेटले, ज्यांनी हाच प्रश्न वर्गात, विद्यापीठात आणि न्यायालयातही लावून धरला. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून हा धागा.

आसा ग्रँट हिलियर्ड यांचा जन्म २२ ऑगस्ट १९३३ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे झाला. घराण्यात शिक्षकी पेशा होता. त्यांचे शालेय आणि उच्च शिक्षण डेन्व्हरमध्ये झाले. तेथील विद्यापीठातून १९५५ साली मानसशास्त्राची पदवी, १९६१ साली समुपदेशनातील पदव्युत्तर पदवी आणि १९६३ साली शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. शाळेत शिकवण्याबरोबरच त्यांनी रेल्वेच्या देखभालीची, वेटरची आणि स्वयंपाक्याचीही कामे केली होती. १९६३ साली ते कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात (आता विद्यापीठ) रुजू झाले आणि पुढे तेथील शिक्षणशास्त्र विभागाचे अधिष्ठाता झाले. मधल्या काळात त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाची राजधानी मोनरोविया येथे शाळांच्या प्रशासनाचे काम केले. मला हा टप्पा पदव्यांहून महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत ज्या मुलांकडे ‘अल्पसंख्य’ आणि ‘वंचित’ या शब्दांतूनच पाहिले जाई, तशीच मुले तेथे वर्गातली सर्वसाधारण मुले होती, आणि त्यांना कोणाच्या तुलनेत मागे म्हणायचे हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

आता खटल्याकडे येतो. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा कमी बुद्ध्यांकाच्या मुलांसाठी वेगळे वर्ग होते. बुद्ध्यांक ७५च्या खाली आला की मूल त्या वर्गात जाई, आणि तेथून नेहमीच्या वर्गात परतण्याची वाट जवळपास बंदच असे, कारण तेथे अभ्यासक्रमच निराळा होता. शहराच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण २८.५ टक्के होते. या वर्गांत ते ६६ टक्के होते. १९७१ साली सहा मुलांच्या वतीने दावा दाखल झाला आणि तो ‘लॅरी पी. विरुद्ध विल्सन राइल्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रतिवादी म्हणून ज्यांचे नाव लागले ते राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स स्वतः कृष्णवर्णीय होते, कॅलिफोर्नियात राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेले पहिलेच. म्हणजे गोरा अधिकारी आणि काळे मूल असे सोपे चित्र येथे नव्हते.

या सहा मुलांची कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा चाचणी घेतली. चाचणी तीच ठेवली. बदल केला तो घेण्याच्या पद्धतीत: मुलाची भीड चेपेपर्यंत त्याच्याशी बोलायचे, प्रश्न त्याच्या ओळखीच्या शब्दांत विचारायचा, आणि चाचणीच्या पुस्तिकेतले उत्तर आले नाही तरी दिलेल्या उत्तरात विचार दिसला तर त्याचे गुण द्यायचे. सहाही मुले ७५च्या वर गेली.

या वादात एक प्रश्न फार गाजला. तुझ्यापेक्षा बराच लहान मुलगा तुझ्याशी मारामारी करू लागला तर तू काय करशील? पुस्तिकेप्रमाणे मोठ्या मुलाने हात उचलायचा नाही. ज्या वस्तीत मार खाऊन गप्प बसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा मार पडतो, तेथले मूल ‘मीही मारीन’ म्हणते आणि त्याचे गुण जातात. मुलाला परिस्थिती कळली नाही असे म्हणता येईल का? त्याला ती पुस्तिकेपेक्षा जास्त कळलेली असते.

हिलियर्ड यांनी या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून साक्ष दिली. न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी ऑक्टोबर १९७९मध्ये निकाल दिला आणि कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत पाठवण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरण्यास कॅलिफोर्नियात मनाई झाली. मात्र चाचणीतले प्रश्न पक्षपाती आहेत, एवढ्यावर हिलियर्ड थांबले नाहीत. त्यांचा सवाल शिक्षकाच्या बाजूने होता: या मापनानंतर त्या मुलाला अधिक चांगले शिकवता येते, असे कोणी दाखवले आहे काय? दाखवता येत नसेल, तर प्रश्न बदलून तीच चाचणी सुधारण्यात काय हशील? डॉक्टरने ताप मोजावा आणि औषध मात्र कोणत्याच आकड्याला देऊ नये, असा तो प्रकार आहे. (ही उपमा माझी, साक्षीत शोधू नये.)

१९८० साली ते अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात शहरी शिक्षणाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांमधील ‘दरी’ हा अमेरिकेतील शैक्षणिक चर्चेचा कायमचा विषय आहे. हिलियर्ड यांना ही मांडणीच मान्य नव्हती. गोऱ्या मुलांची सरासरी हे उद्दिष्ट मानले की ती सरासरी स्वतः किती सामान्य आहे हे कोणी तपासत नाही. दरी मोजायचीच असेल तर मूल आज जेथे आहे ते स्थान आणि उत्कृष्टता यांच्यामधली मोजा, असे ते म्हणत. गरीब वस्तीतल्या ज्या शाळांत मुले उत्तम शिकत होती त्यांची उदाहरणे ते सतत देत, आणि तेथे शिक्षक नेमके काय करतात हे पाहा, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्या कामाचा दुसरा धागा आफ्रिकेच्या, विशेषतः प्राचीन इजिप्तच्या, अभ्यासाचा. १९८४ साली अभिजात आफ्रिकी संस्कृतींच्या अभ्यासासाठी जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. प्ताहहोतेप या प्राचीन इजिप्शियन वजिराच्या नावावर असलेल्या उपदेशवचनांची सामान्य वाचकांसाठी आवृत्ती त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली काढली. त्यात आरंभीच एक वचन येते. चांगला बोल हिरव्या रत्नापेक्षाही दडलेला असतो, तरी तो दळणाच्या दगडापाशी बसलेल्या दासीकडे सापडतो. चार हजार वर्षांपूर्वीचा दरबारी माणूस दळणाऱ्या बाईकडे शहाणपण आहे असे लिहितो, आणि विसाव्या शतकातली चाचणी तिच्या नातवंडाला वेगळ्या वर्गात पाठवते. जात्यावरच्या ओव्या जपलेल्या आपल्या भाषेत हे वचन परके वाटू नये. (तो दगड फिरत्या जात्यापेक्षा आपल्या पाट्याच्या जवळचा असावा.)

२००१ साली घानामधील मांक्रान्सो येथे त्यांना विकासप्रमुखाचे मानाचे पद देण्यात आले आणि नाना बाफूर अमांकवातिया दुसरे हे नाव मिळाले. १३ ऑगस्ट २००७ रोजी इजिप्तच्या अभ्यासदौऱ्यावर असताना मलेरियाने त्यांचे निधन झाले.

मी येथे बाजू एकाच अंगाने मांडली आहे याची मला जाणीव आहे. ज्यांना या विषयाची दुसरी अंगे माहीत आहेत त्यांनी अवश्य लिहावे.

मुक्कामपोस्ट

सर, लेख दोनदा वाचला. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि माझ्या पिशवीत कायम बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीचा संच असतो. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. परदेशी प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. अडचण अशी की ‘आपली मुले’ हा शब्दही पुष्कळ मोठा आहे.

चाचणीतले प्रश्न उघड करता येत नाहीत, म्हणून आडवळणाने सांगते. साखर कारखान्याच्या हंगामात एका शाळेने ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा माझ्याकडे पाठवला. वय आठ-नऊ असावे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आईच्या सांगण्यात दुसरी होती, त्यामुळे सूत्रातला भाजकच मुळात संशयास्पद होता. पैशाच्या हिशोबाचा प्रश्न आला तेव्हा तो खाली बघत राहिला. मी पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे प्रश्न एकदाच पुन्हा वाचला आणि पुढे गेले. संध्याकाळी फाट्यावर तोच मुलगा वाढ्याच्या पेंढ्या विकताना दिसला. एका दुचाकीवाल्याने सात पेंढ्या घेतल्या, शंभराची नोट दिली आणि सुट्ट्यांसाठी घासाघीस सुरू केली. मुलाने सुटे परत देण्याऐवजी आणखी एक पेंढी देऊन हिशोब मिटवला आणि त्यात दोन रुपये स्वतःकडे कसे राहिले हे मला नंतर हसत समजावले. सकाळच्या अहवालात मी त्याच्या नावापुढे ‘अंकगणितीय तर्क वयाच्या मानाने कमी’ असे लिहिले होते.

अहवाल मी बदलला नाही. नियमाप्रमाणे बदलता येत नव्हता, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

उलटतपासणी

धागा उत्तम आहे, तरी हिलियर्ड यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रकरण त्यात आलेले नाही. ते मुद्दाम गाळले असावे असे मी म्हणत नाही, मात्र त्यावाचून चित्र अपुरे राहते.

ओरेगनमधील पोर्टलंडच्या शाळांसाठी १९८७ साली आफ्रिकेच्या योगदानावरील निबंधांचा एक संच तयार करण्यात आला. कला, भाषा, गणित, संगीत, विज्ञान आणि समाजशास्त्र या विषयांवर शिक्षकांनी आधार म्हणून वापरावेत असे हे निबंध होते, आणि या प्रकल्पाचे मार्गदर्शन हिलियर्ड यांच्याकडे होते. त्यातील विज्ञानावरच्या निबंधात प्राचीन इजिप्शियन लोक ग्लायडरमधून उडत असत असा दावा होता. त्याला आधार काय, तर सक्कारा येथील थडग्यात १८९८ साली सापडलेला एक छोटासा लाकडी पक्षी. अतींद्रिय शक्तींनाही त्या निबंधात विज्ञान म्हणून जागा दिली होती. बर्नार्ड ऑर्टिझ दे मॉन्तेलानो यांच्यासारख्या अभ्यासकांनी, जे स्वतः अल्पसंख्याकांच्या विज्ञानशिक्षणाच्या बाजूने होते, त्यावर सडकून टीका केली आणि ती टीका रास्त होती.

माझा आक्षेप केवळ एका चुकीच्या निबंधावर नाही. न्यायालयात जो माणूस ‘या चाचणीला पुरावा काय’ असे विचारतो, त्याने स्वतःच्या देखरेखीखालच्या निबंधाला तोच प्रश्न का विचारला नाही? पुष्पक विमानाच्या कथेवरून विमानविद्येचा इतिहास सांगणाऱ्यांशी आपण या संस्थळावर वर्षानुवर्षे हुज्जत घातली आहे. तेथे एक न्याय आणि येथे दुसरा, असे करता येणार नाही.

दुसरे असे की लॅरी पी. खटल्यानंतर लगेचच, १९८० साली, शिकागोत याच प्रश्नावर दुसरा खटला चालला. तेथील न्यायाधीश ग्रेडी यांनी चाचणीतले प्रश्न एकेक करून निकालपत्रात तपासले, त्यांतील मोजकेच संशयास्पद ठरवले आणि चाचण्या वापरण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. तेव्हा न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला असे समजण्याचे कारण नाही.

पॅसिफिक किनारा

मी गेली अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो आणि माझ्या मुलांच्या शाळेमुळे या प्रकरणाची शेपटी मला माहीत आहे. १९८६ साली मनाईची व्याप्ती वाढवण्यात आली. आता विशेष शिक्षणाच्या कोणत्याही निर्णयासाठी कृष्णवर्णीय मुलाची बुद्ध्यांक चाचणी घेता येत नव्हती, पालकांनी स्वतः मागितली तरीही. काही वर्षांनी कृष्णवर्णीय पालकच न्यायालयात गेले. आमच्या मुलाला वाचनात अडचण आहे, तिचे निदान होण्यासाठी चाचणी हवी आहे, आणि शेजारच्या गोऱ्या मुलाला मिळणारी चाचणी केवळ वर्णामुळे आमच्या मुलाला नाकारली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. १९९२ साली पेकहॅम यांनीच आपला १९८६चा आदेश मागे घेतला. १९७९चा निकाल मात्र कायम राहिला.

हे मी हिलियर्ड यांच्या विरोधात सांगत नाही. न्यायालयाने चाचणी थांबवली. उत्तम शिकवणे सुरू करा, असा आदेश त्याला देता आला नाही. मनाई अमलात आणणे सोपे होते. वर्गात काय बदलायचे हे अवघड होते, आणि तेच बहुतेक शाळांत राहून गेले.

रानवाट

उलटतपासणी, पोर्टलंडविषयी आपण लिहिले ते मला मान्य आहे आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. मी ते टाळले, कारण मला हिलियर्ड आवडू लागले होते. असे झाले की लेखकाच्या हातून गाळणी बारीक होते.

फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला वाटते. आफ्रिकेच्या इतिहासाविषयीचा एखादा दावा खोटा ठरला तर तो टाकून द्यावा, त्यात भीड नको. परंतु मुलाला वर्गात येताना स्वतःच्या माणसांचा काहीतरी इतिहास असतो, आणि तो गुलामगिरीच्या जहाजापासून सुरू होत नाही, हा मुद्दा लाकडी पक्ष्यावर उभा नाही. प्ताहहोतेपची वचने खरोखरच पॅरिसमधील पपायरसावर लिहिलेली आहेत. नूबियाची राज्ये, टिंबक्टूची हस्तलिखिते, झिम्बाब्वेच्या दगडी भिंती या गोष्टींना ग्लायडरची गरज नाही. खरे एवढे भरभक्कम हाताशी असताना कोणी खोट्याचा टेकू का घ्यावा, हे मलाही कळत नाही. बहुधा ज्याला दीडशे वर्षे ‘तुमचे काहीच नव्हते’ असे ऐकवले गेले आहे तो उत्तर देताना ‘आमचे सगळेच होते’ असे म्हणून बसतो.

शिकागोच्या निकालाविषयी म्हणाल, तर तेथे प्रश्न पक्षपाती आहेत का, हे तपासले गेले. हिलियर्ड यांचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता. प्रत्येक प्रश्न निर्दोष ठरला तरी त्या आकड्यावरून मुलाला कमी प्रतीच्या वर्गात बसवण्याचे समर्थन होते का? ग्रेडी यांच्या तपासणीतून याचे उत्तर मिळत नाही.

मुक्कामपोस्ट, तुमच्या पेंढ्यांच्या हिशोबावरून आठवले. हिलियर्ड यांना इस्रायलमधील मानसशास्त्रज्ञ रूवेन फॉयरस्टाइन यांच्या कामाविषयी फार आदर होता. नाझींच्या छळातून वाचलेल्या आणि निरनिराळ्या देशांतून स्थलांतर करून आलेल्या मुलांबरोबर फॉयरस्टाइन यांनी काम केले. प्रचलित चाचण्यांत ही मुले मंद ठरत. त्यांनी रीतच पालटली: आधी चाचणी, मग त्याच प्रकारच्या कामाचे थोडे शिकवणे, मग पुन्हा चाचणी. पहिल्या आणि शेवटच्या कामगिरीतला फरक म्हणजे मुलाची शिकण्याची क्षमता. येथे परीक्षक गप्प बसून गुण मांडत नाही. तो शिकवतो आणि मूल कोठे अडते ते पाहतो.

खामनदी

विषयाला धरूनच एक छोटी भर. आमच्या शहराचा, म्हणजे औरंगाबादचा (आता छत्रपती संभाजीनगर), पाया १६१० साली खडकी या नावाने मलिक अंबरने घातला. तो इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या नावाच्या नहरीचे अवशेष मी शाळेत जाता-येता पाहत असे. इतिहासाच्या तासाला आम्हाला त्याची जमीनमहसुलाची पद्धत आणि गनिमी काव्याची लढाई पाठ होती. तो आफ्रिकी होता हे वाक्यही पुस्तकात असावे, तरी ‘हबशी’ या शब्दापलीकडे कोणी गेले नाही. आफ्रिका म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर भूगोलातली जंगले येत आणि मलिक अंबर म्हटले की दख्खन. हिलियर्ड जे म्हणतात ते आफ्रिकेबाहेरच्या मुलांनाही लागू पडते, असे यावरून वाटते.

मुक्कामपोस्ट

सर, माझ्या मनात एक शंका आहे. शिक्षण समजले, चाचणी समजली. परंतु हिलियर्ड ज्या कृष्णवर्णीय विचारवंतांच्या परंपरेतले, तिच्यात समूहाच्या ‘उपचाराची’ भाषा येते, ती मला नीट उमगत नाही. समुपदेशनात आम्हाला एका खोलीत एक माणूस शिकवला जातो. समूह आजारी आहे असे म्हणायचे म्हणजे नेमके काय?

रानवाट

याचे उत्तर हिलियर्ड यांच्यापेक्षा त्यांचे सॅन फ्रान्सिस्को स्टेटमधील सहकारी वेड नोबल्स यांच्या कामातून चांगले मिळते. सप्टेंबर १९६८मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेचे अधिवेशन सॅन फ्रान्सिस्कोत भरले असताना कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी तेथेच आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. नोबल्स तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढच्याच वर्षी या संघटनेने कृष्णवर्णीय मुलांवरील चाचण्या थांबवण्याची मागणी केली, लॅरी पी. खटल्याची पार्श्वभूमी ही आहे. १९७० साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोसेफ व्हाइट यांनी ‘एबनी’ या लोकप्रिय मासिकात लेख लिहून गोऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धान्तांवरून काळ्या माणसांचे जगणे समजून घेणे जवळजवळ अशक्य आहे, असे मांडले. संशोधनपत्रिकेत न छापता तो लेख न्हाव्याच्या दुकानात वाचल्या जाणाऱ्या मासिकात आला, हे मला विशेष वाटते.

नोबल्स यांनी १९७२ साली स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि त्याच सुमारास आफ्रिकी तत्त्वज्ञान हा कृष्णवर्णीय मानसशास्त्राचा पाया मानणारा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रचलित मानसशास्त्रात ‘मी’ कातडीपाशी संपतो. आफ्रिकी समाजांत ‘मी’ मध्ये पूर्वज येतात, भावकी येते, अजून न जन्मलेली मुलेही येतात. अशा माणसाला एकट्याला खोलीत बसवून त्याच्या ‘स्व’ची प्रतिमा मोजली तर अर्धा माणूस दाराबाहेर राहतो. म्हणून ओकलंडमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय कुटुंब आणि संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली, आणि किशोरवयीन मुलांसाठी असा कार्यक्रम आखला ज्यात अभ्यास, शिस्त आणि वयात येण्याचे संस्कार एकत्र गुंफलेले होते. उपचार म्हणजे बिघडलेला भाग दुरुस्त करणे नव्हे, तुटलेली नाती पुन्हा जोडणे, असा त्याचा अर्थ घेता येईल.

यातले एक उदाहरण मला कायम आठवते. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकी डॉक्टरने एका नव्या रोगाचे वर्णन केले. रोगाचे नाव ड्रॅपेटोमेनिया, लक्षण एकच: गुलाम पळून जातो. प्रतिबंधक उपायांत चाबूक होता. हिलियर्ड यांच्या १९९५ सालच्या निबंधसंग्रहाच्या शीर्षकात ‘मरून’ हा शब्द आहे. मरून म्हणजे गुलामगिरीतून निसटून डोंगरदऱ्यांत स्वतंत्र वस्त्या करून राहिलेली माणसे. डॉक्टरने ज्याला रोगी ठरवले, त्यालाच हिलियर्ड यांनी निरोगी माणसाचा नमुना म्हणून पुढे ठेवले. समूह आजारी आहे असे ही मंडळी म्हणतच नाहीत. कोणाच्या नजरेतून आजारी, हे ते आधी विचारतात.

उलटतपासणी

नोबल्स यांचा हा पाया बराचसा केनियाच्या जॉन म्बिटी यांच्या १९६९च्या मांडणीवर उभा आहे: आम्ही आहोत म्हणून मी आहे. आणि या प्रकारच्या मांडणीवर सर्वांत धारदार टीका आफ्रिकेतूनच झाली. बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलां हुंतोंजी यांनी १९७०च्या दशकात विचारले की संपूर्ण खंडाचे मिळून एकच तत्त्वज्ञान असते, सगळे आफ्रिकी एकाच पद्धतीने विचार करतात, हे कोणी ठरवले? युरोपीय मिशनऱ्यांनी काढलेले हे चित्र आपण अभिमानाने भिंतीवर टांगतो आहोत, असा त्यांचा रोख होता. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा आणि अकान लोक आणि प्राचीन इजिप्त यांची एकच मोट बांधताना नोबल्स आणि हिलियर्ड दोघेही याच खड्ड्याच्या काठावर उभे राहतात.

तरीही कार्टराइटचे उदाहरण वाचल्यावर मी थोडा नरमलो, हे कबूल करतो. ज्या शास्त्राच्या वहीत पळून जाणे हा रोग म्हणून लिहिला गेला, त्या शास्त्राशी भांडताना माणसे कधीमधी जास्त बोलली असतील. त्यांच्या विधानांना पुरावा मागत राहीन. त्यांच्या रागाला मागणार नाही.

पॅसिफिक किनारा

एक भर. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये वर्णद्वेषातील आपल्या सहभागाबद्दल अधिकृत माफी मागितली. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जी मंडळी वेगळी झाली त्यांपैकी कित्येक जण तोवर हयात नव्हते. हिलियर्ड यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

मुक्कामपोस्ट

सर्वांचे आभार. फॉयरस्टाइनची पद्धत पूर्ण स्वरूपात वापरायला प्रशिक्षण लागते आणि ते माझ्याकडे नाही, शिवाय प्रमाणपत्रासाठी ठरलेला आकडाच लागतो, तो मला द्यावाच लागणार आहे. तरी या आठवड्यात दोन मुलांच्या बाबतीत एक करून पाहिले. चाचणी संपवून संच पिशवीत ठेवला आणि मग अर्धा तास त्यांना त्यांच्याच सामानातून काहीतरी शिकवले, काय जमले, कोठे अडले, कशाने सुटले ते टिपले. एकीला काडेपेटीतल्या काड्यांनी दशक-एकक दाखवले. तिने पंधरा मिनिटांत हातच्याची वजाबाकी उचलली आणि मग काड्या मोजून परत पेटीत भरल्या, कारण घरी आईला हिशोब द्यायचा होता.

हे लिहायला अहवालाच्या नमुन्यात जागा नाही. ‘इतर शेरा’ म्हणून जेमतेम दोन ओळींचा चौकोन असतो. मी त्यात ‘कृपया मागे पाहावे’ असे लिहिले आणि पाठीमागचे कोरे पान भरले. मुख्याध्यापकांनी ते उलटले की नाही, हे सोमवारी कळेल.